हसलेला अनारसा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी समोरच्या सतरंजीवर बसलेली असते आणि भाषणे संपत आली की आत जाऊन चहाचे आधण ठेवते. यंदा चिटणीसबाईंनी मला इकडे उभे केले. मी नको नको म्हटले, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही मोबाईलसमोर इतकी वर्षे बोलता, मग आमच्यासमोर बोलावयास कसली भीती?" मोबाईल जांभया देत नाही आणि घड्याळाकडे पाहत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे.

माझे शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत झाले. पुढची शाळा लांब होती आणि घरात धाकटी भावंडे होती. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा कोणी करू नये. मला दिलेला विषय मात्र भारदस्त आहे. यूट्यूब, इन्स्टाग्राम यांवर काही करून दाखविताना आपला उत्साह कसा टिकवावा आणि आपला खरेपणा कसा राखावा, यावर मी बोलावयाचे आहे. आपल्या मंडळातल्याच कितीतरी जणी आज हे काम करीत आहेत. कोणी रांगोळी दाखविते, कोणी अभंग म्हणते, कोणी लोणची-पापड विकते. पुष्कळ जणी चार महिने मोठ्या हौसेने करतात आणि मग सोडून देतात. मी सोडण्याच्या काठावर दोनदा येऊन परत फिरले आहे. ते कसे झाले तेवढेच सांगते. त्यात माझी एक चूकही सांगावी लागेल. ती वगळली तर बाकीचे सांगण्यात अर्थ राहणार नाही.

लग्न होऊन मी सांगलीस आले ती १९९९ साली. आमच्या सासूबाई, म्हणजे आत्या, यांना अक्षरओळख नव्हती. परंतु बाराही महिन्यांचा स्वयंपाक त्यांच्या बोटांवर होता. मीठ किती म्हणून विचारले की म्हणावयाच्या, "भाजीपुरतं." तिखट किती, तर "माणसं बघून." नव्या सुनेने यातून काय उमजावे? म्हणून मी एक दोनशे पानी वही केली. त्या घालावयाच्या तेव्हा त्यांचा हात धरावयाचा, मुठीतले वाटीत ओतावयाचे, मोजावयाचे आणि लिहावयाचे. कांदा-लसूण मसाला, सांडगे, कुरडया, नवरात्रातल्या कडाकण्या, नागपंचमीची दिंडे, अनारसे असे करता करता वीस वर्षांत वही भरत आली.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी आले ते आपणा सर्वांनाच आठवत असेल. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी नातेवाइकांकडे गेलो. परत आलो तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता. भांडी घासून घेतली, गाद्या टाकून दिल्या. वही खालच्या फडताळात राहिली होती. तिची पाने एकमेकांस चिकटली होती आणि शाई धुऊन गेली होती. मी ती उन्हात ठेवली, पण वाळल्यावर ती नुसती निळसर कागदांची वीट झाली. मी रडू लागले तेव्हा आत्या म्हणाल्या, "अगं, मी हाय की अजून. पुन्हा लिही." मी हो म्हटले, आणि घर सावरण्याच्या नादात लिहिले काहीच नाही.

मग २०२० साली टाळेबंदी झाली. ऐन मसाल्याच्या दिवसांत डंक बंद. आत्यांनी अंगणातले जुने उखळ धुऊन घेतले आणि मिरच्या घरीच कुटावयास काढल्या. माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. ती म्हणाली, "आई, तू लिहीत बसू नकोस. मी शूटिंग करते." मिरची किती, धने किती, खोबरे कसे भाजावे, कांदा किती वाळलेला हवा, हे सारे आत्या बोलत गेल्या आणि पोरगी टिपत गेली. मध्ये त्या दोनदा शिंकल्या, तेही त्यात आले. तो आमचा पहिला व्हिडिओ. तो त्रेचाळीस जणांनी पाहिला. त्यातले निम्मे आमचेच नातेवाईक होते. तरी मला परम समाधान वाटले. वही बुडाली, पण हे काही पाण्याखाली जाणार नाही, एवढाच त्यावेळी हेतू होता. यातून पैसा मिळतो हे मला ठाऊकही नव्हते.

पुढे २०२१ च्या संक्रांतीला भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी दाखविली. ती एकदम एक लाख साठ हजार लोकांनी पाहिली. का पाहिली ते मला आजही सांगता येणार नाही. परंतु तेव्हापासून मला आकड्यांचा ताप चढला.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. यूट्यूबवर जाहिरातींचा पैसा मिळावयाचा तर एक हजार सबस्क्राईबर लागतात आणि बारा महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ मिळून चार हजार तास पाहिलेले असावे लागतात. हा नियम २०१८ पासूनचा आहे. छोट्या व्हिडिओंसाठी हिशेब वेगळा; तेथे नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिले गेले पाहिजे. मोठ्या व्हिडिओवर लागलेल्या जाहिरातीच्या उत्पन्नातले शंभरातले पंचावन्न भाग करणाऱ्याला मिळतात. शंभर डॉलर जमल्याखेरीज पैसे हाती येत नाहीत. त्याआधी पत्ता खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी कंपनीकडून टपालाने एक आकडा येतो. ते पत्र घेऊन पोस्टमन आला तेव्हा मी हात पुसत बाहेर आले. लग्नपत्रिका सोडल्या तर टपालाने माझ्या नावाचे काही येण्याचा तो पहिलाच प्रसंग. पहिले पैसे सात हजारांच्या आसपास आले. त्यातून मी पाटा-वरवंटा टाकवून घेतला आणि आत्यांना एक इरकली लुगडे घेतले.

इथवर सारे चांगले होते. पण आकडा वर गेला की माणसाला वाटते, आपणच वर गेलो. तो खाली आला की वाटते, आपल्यातच काही खोट आली. मी रात्री दोन वाजता उठून मोबाईल पाहू लागले. तव्यावर भाकरी आणि हातात मोबाईल. आमच्या घरी हे फारसे बोलत नाहीत. एक दिवस करपलेली भाकरी उलटीपालटी करून म्हणाले, "ही किती जणांनी पाहिली?"

आकडा पडू नये म्हणून मी इतरांचे पाहून करू लागले. सुती साडी सोडून चमकणारी साडी आली. "बायांनो" म्हणत होते, ते "हॅलो फ्रेंड्स" झाले. "जन्मात खाल्ली नसेल अशी भाजी" असे मथळे आले. भाजी आपली रोजचीच, वांग्याची! कोणी लिहिले की तुमची भाषा गावंढळ आहे, तर मी तोंड आवळून पुस्तकी बोलू लागले. मुलगी म्हणाली, "आई, तू बातम्या देतेस असं वाटतं." आत्या तर समोर यावयासच तयार होईनात. म्हणाल्या, "त्या बाईच्या शेजारी मला बसवू नगं." त्या बाई म्हणजे मीच.

मैत्रिणींनो, उत्साह का संपतो याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. काम फार झाले म्हणून मी थकले नव्हते. गौरीच्या सणाला आपण पहाटे तीनपासून राबतो, पण कोणी कंटाळल्याचे ऐकले आहे का? मी थकत होते ते सोंगाने. दुसरीचे बोलणे, दुसरीचे हसणे, दुसरीची साडी घेऊन रोज उभे राहावयाचे, यात जीव दमतो. नाटकातला नट तीन तासांनी रंग पुसून मोकळा होतो. आपण घरातच, चुलीपुढेच सोंग आणले तर ते पुसावयाचे कुठे?

आता माझी चूक सांगते. २०२३ च्या मार्चात एका मसाल्याच्या कंपनीचा फोन आला. एक व्हिडिओ करा, बारा हजार देतो म्हणाले. मुलीच्या शिक्षणाचा खर्च होता. मी कबूल झाले. मसाला वाईट होता असे मी म्हणणार नाही, चांगला होता. पण त्यांनी सांगितलेले वाक्य मी म्हटले की, "आता आमच्या घरीसुद्धा हाच मसाला वापरतात," आणि वर माझ्या पदरचे एक जोडले की, "अगदी माझ्या सासूबाईंच्या हातचाच वाटतो." पैसे घेतल्याचे कोठेही सांगितले नाही.

दोन दिवसांनी एका बाईंची कमेंट आली. त्या पहिल्या व्हिडिओपासून आमचे पाहत होत्या आणि आत्यांच्या मापाने दरवर्षी मसाला करीत होत्या. त्यांनी लिहिले होते, "ताई, तुमच्या आत्या आता मसाला कुटत नाहीत का? त्यांची तब्येत बरी आहे ना?" त्या माउलीने शंका माझ्यावर घेतली नव्हती, काळजी आत्यांची केली होती. मी नेहमीच्या सवयीने ती कमेंट मोठ्याने वाचून बसले. आत्या शेजारीच लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "मी मसाला कुटत न्हाई असं कोण म्हणालं? दाव बघू." दाखवावे लागले. त्यांनी शेवटपर्यंत पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "माझ्या नावावर कुणाचा मसाला इकलास गं?" आणि पुन्हा लसूण सोलू लागल्या. रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. तो मसाला त्यांच्या सासूकडून त्यांना आलेला. गावात कोणाचे लग्न निघाले की कोरड्यासाचा मसाला त्यांना विचारून घातला जाई. अक्षर न येणाऱ्या त्या बाईची तेवढीच काय ती सही होती, आणि मी ती बारा हजारांना दिली होती.

मी व्हिडिओ काढून टाकला. कंपनीने कराराचे बोलणे काढले. आमच्या ह्यांनी भिशीचे पैसे उचलून ते बारा हजार परत केले आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत. नंतर मी साध्या साडीत बसून दोन मिनिटांचा व्हिडिओ केला आणि खरे काय ते सांगितले. शे-दीडशे सबस्क्राईबर गेले. मग मी ठरविले की हे काम आता पुरे.

चार महिने काही केले नाही. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यावयाचे, म्हणजे माझ्या नणंदेच्या यजमानांसाठी तेहतीस अनारसे करावयाचे होते. मुलगी सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "आजी करते आहे तर मी आपले घरच्यासाठी घेऊन ठेवते." मी हरकत घेतली नाही.

अनारशाचे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग निथळून पंचावर सावलीत पसरावयाचे आणि थोडी ओल असतानाच कुटून चाळावयाचे. गूळ आणि तूप घालून गोळा चार-पाच दिवस मुरवावयाचा. पण दिवस पावसाळ्याचे. हवाच ओली, तांदूळ हवे तितके सुकलेच नाहीत. पीठ मी कुटले होते आणि घाईही मीच केली होती. आत्यांनी पहिला अनारसा खसखशीवर थापून तुपात सोडला, आणि तो हसला. कढईभर विस्कटला. दुसरा टाकला, तोही हसला. मी मुलीला ओरडले, "बंद कर ते!" तिने बंद केले नाही. आत्या मात्र शांत. झाऱ्याने चुरा निथळून काढला, एक बोट पिठात घालून पाहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वल ऱ्हायली. गुळाचं पाणी सुटलंय. पसाभर कोरडी पिठी मळ ह्यात, अन् उद्याला कर. आज ह्याच्यावर जबरदस्ती करू नगं." दुसऱ्या दिवशी केले. मंद आचेवर, खसखशीची बाजू वर, न उलटता. जाळी अशी पडली की विचारू नका.

मुलीने ते जसेच्या तसे लावले. हसलेले दोन अनारसे, माझे ओरडणे, आत्यांचे बोलणे आणि दुसऱ्या दिवशीची जाळी. मथळा दिला, "अनारसे हसले तर काय करावे." भोगीच्या भाजीइतका काही तो चालला नाही. पण त्याखाली बायकांनी जे लिहिले ते भोगीच्या भाजीखाली कोणी लिहिले नव्हते. परदेशात नोकरी करणाऱ्या एका मुलीने लिहिले की, आई गेल्यापासून मी तीनदा अनारसे केले आणि तिन्ही वेळा फेकले, कोणाला विचारावे कळत नव्हते, आज पहिल्यांदा जमले. मी ते आत्यांना वाचून दाखविले. त्यांनी पुन्हा वाचावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण होऊन म्हणाल्या, "आज काय दावायचं?"

त्या दिवसापासून मी पुन्हा लागले, ती आजपर्यंत. आता अनुभवाने ज्या चार गोष्टी मी पाळते त्या सांगते.

पहिली गोष्ट, मी एक लाख लोकांसाठी बोलत नाही. एका मुलीसाठी बोलते. तिची आई जवळ नाही, तिचा अनारसा हसला आहे आणि ती कढईपुढे उभी आहे. ती डोळ्यांपुढे असली की काय सांगावे, किती सांगावे, कोठे थांबावे हे आपोआप सुचते. तिच्यापुढे नटण्याचे कारण उरत नाही. या मार्गाने आपल्यापुढे गेलेल्या एका बाईंचे नाव येथे घेते. 'रुचिरा' लिहिणाऱ्या कमलाबाई ओगले आपल्याच जिल्ह्यातल्या कुंडलच्या. शाळा चौथीपर्यंत. पण १९७० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात वाटी-चमच्याचे माप आहे. तराजू नसलेल्या नव्या मुलीलाही जमावे, हा त्यातला विचार. इतक्या घरांत ते पुस्तक गेले ते त्या मुलीला ओळखले म्हणूनच गेले, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट कामाच्या शिस्तीची. विषय कोठून आणता, असे मला पुष्कळ जणी विचारतात. मी पंचांग पाहते. बेंदूर, नागपंचमी, गौरी, नवरात्र, दिवाळी, भोगी, होळी. मध्ये उन्हाळ्यात वाळवणे आणि मसाला, पावसाळ्यात रानभाज्या. आपल्या वाडवडिलांनी वर्षाचे विषय आधीच नेमून ठेविले आहेत. आठवड्यातून दोन व्हिडिओ, मंगळवारी आणि शुक्रवारी, याहून अधिक मी करीत नाही. दुपारी खिडकीचा उजेड चांगला असतो तेव्हाच शूटिंग. मुलगी पुण्यास नोकरीला गेली तेव्हा वाटले, आता आपले बंद. पण तिने फोनवर शिकविले आणि आता कापणे-जोडणे माझे मीच करते. पहिल्यांदा केले तेव्हा माझे डोके कापले गेले आणि नुसती पातेली दिसली. सातवीवालीला येते, तर आपणा सर्वांना येईल. ज्या आठवड्यात होत नाही त्या आठवड्यात सरळ लिहून टाकते की घरी पाहुणे आहेत. कोणी रागावत नाही.

आकडे फक्त रविवारी पाहते, तेही दुपारी, जेवणे झाल्यावर. पाहावयास हवेत, कारण त्यातून कळते की बायांना काय हवे आहे आणि कोठे कंटाळून त्या उठून जातात. कोणता व्हिडिओ कोणाला दाखवावयाचा, हे लोक त्यावर दाबतात का आणि किती वेळ थांबतात, यावरून यूट्यूब ठरविते. म्हणजे तो बाजाराचा कौल झाला, आपल्या किमतीचा नव्हे. आणि बाजाराचा भरवसा काय धरावा? २०२० च्या जूनअखेर सरकारने टिकटॉक बंद केले, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या कितीतरी बायामुलींची सारी जमविलेली माणसे एका रात्रीत गेली. त्याच वर्षी आपल्या नगर जिल्ह्यातल्या सुमन धामणे आजींचे 'आपली आजी' हे चॅनेल कोणी चोरले. नातवाने धडपड करून ते परत मिळविले. परंतु चॅनेल हातात नव्हते त्या दिवसांतही आजींच्या हातची चव कोठे गेली नव्हती. ती चोरता येत नाही. बहिणाबाई चौधरींचे पाहा. शाळेचे तोंड पाहिले नाही, जात्यावर आणि शेतात काम करता करता त्यांनी ओव्या रचल्या. घरच्यांनी त्या उतरून घेतल्या आणि त्यांच्या मागे, १९५२ साली, पुस्तक निघाले. ऐकणारे किती, याचा हिशेब त्या करीत बसल्या असत्या तर आपल्याला काय मिळाले असते?

तिसरी गोष्ट पैशाची. पैसा वाईट असे मी म्हणणार नाही. घरात कमावणाऱ्या बाईचा शब्द ऐकला जातो, हे मी अनुभवले आहे. जाहिरात मी आजही क्वचित घेते. पण घेण्यापूर्वी ती वस्तू महिनाभर स्वतः वापरते आणि सुरुवातीसच सांगते की, "बायांनो, ही जाहिरात आहे, याचे मला पैसे मिळाले आहेत." हे नुसते सचोटीचे नाही, नियमाचेही आहे. २०२१ पासून जाहिरातवाल्यांच्या परिषदेचे तसे नियम आहेत आणि २०२३ च्या जानेवारीत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने स्पष्ट सूचना काढल्या. फसव्या जाहिरातीस पहिल्या खेपेस दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्यापैकी ज्या वस्तू विकतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे. "याने गुडघे बरे होतात, साखर उतरते" असले शब्द तर चुकूनही तोंडातून काढू नयेत. कोणी तरी आपल्यावर भरवसा ठेवून औषध बंद करील, आणि ते पाप आपल्या माथी येईल. तसेच दुसरीची कृती असेल तर तिचे नाव घ्यावे. हल्ली कोणाचे तरी बोलणे यंत्राकडून वाचवून घेऊन दिवसाला दहा-दहा व्हिडिओ टाकणारे निघाले आहेत. २०२५ च्या जुलैत यूट्यूबने आपल्या नियमात अशा साचेबंद मालाला 'खरेपणा नसलेला' असे नावच दिले आणि त्यास उत्पन्न मिळणार नाही म्हटले. जे आत्यांनी लसूण सोलता सोलता सांगितले ते कंपनीलाही शेवटी लिहावे लागले.

चौथी गोष्ट सांगताना मला जड जाते. खरेपणा म्हणजे घरातले सारेच उघडे करणे असे काही जणी समजतात. नवऱ्याशी भांडण झाले, लाव व्हिडिओ. पोर पडले, लाव व्हिडिओ. तसे नाही. २०२४ च्या आरंभी आत्या अंथरुणाला खिळल्या. पाहणाऱ्या बाया रोज विचारीत. ओळखीच्या एका मुलाने सुचविले की आजींचे शेवटचे बोलणे दाखवा, फार चालेल. तो वाईट मनाने बोलला नाही, पण मी नाही म्हटले. कॅमेऱ्यासमोर येताना आत्या आधी पदर सारखा करीत आणि कपाळ पुसून कुंकू ठीक आहे ना, असे मला विचारीत. ज्या अवस्थेत त्या मला तसे विचारू शकत नव्हत्या, त्या अवस्थेत त्यांना दाखविण्याचा हक्क मला नव्हता. मी एवढेच लिहिले की आत्यांना बरे नाही, आठवण ठेवा. फेब्रुवारीत त्या गेल्या. खोटे बोलू नये हे खरे, पण खरे असले तरी काही उंबऱ्याच्या आतच राहू द्यावे.

त्यानंतर दोन महिने मला त्यांचा आवाज ऐकवेना. मग उन्हाळा आला, मिरच्या आल्या. मसाला करावयास बसले आणि धने किती ते आठवेना. पंचवीस वर्षे करीत होते, तरी आठवेना. मोबाईल काढला आणि तो पहिला, त्रेचाळीस जणांनी पाहिलेला व्हिडिओ लावला. आत्या उखळापाशी बसल्या होत्या. दोनदा शिंकल्या. मी हसले आणि रडलेही. त्या सांगत गेल्या आणि मी मोजून घेत गेले. तेव्हा मला कळले की ज्या एका मुलीसाठी मी हे सारे करीत होते, जिची आई जवळ नाही आणि जी कढईपुढे उभी आहे, ती मीच होते.

गेल्या वर्षापासून मी नवी दोनशे पानी वही केली आहे. व्हिडिओ पाहून त्यातली मापे पुन्हा हाताने लिहिते आहे. कागद पाण्याने जातो, चॅनेल दुसऱ्याच्या हाती असते. दोन्हीकडे असलेले बरे. ही वही मात्र मी वरच्या फळीवर ठेवली आहे.

शेवटी आपल्या मंडळाला एक विनंती करते. आपल्या प्रत्येकीच्या घरी, नाही तर शेजारी, एक तरी वडीलधारी बाई असेल. तिच्याकडे एखादी तरी गोष्ट अशी असेल की जी तिच्याशिवाय कोणाला येत नाही. एखादा पदार्थ, एखादी ओवी, गोधडीचा एखादा टाका, बाळंतिणीचा एखादा काढा. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत प्रत्येकीने तेवढे एक टिपून घ्यावे. लोकांना दाखवा अगर दाखवू नका. टिपताना तिच्या शिंका कापू नका, आणि अनारसा हसला तर हसू द्या.

 आत चहाचे आधण कोणी ठेवले आहे की नाही कोण जाणे, तेव्हा येथेच थांबते. नमस्कार.